कारणांच्या रकान्यात काय लिहायचं?

(सातारा येथे युवक-युवतींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



माझी ओळख करून देताना संयोजकांनी मला 'मोठ्या डॉक्टर' म्हटलं. आमच्या घरात याबद्दल अजून एकमत झालेलं नाही. मी एमबीबीएस झाले तेव्हा गल्लीत पेढे वाटले गेले. पुढे एमडीला 'पीएसएम' घेतलं, तेव्हा माझ्या खालाने विचारलं, "हे कशाचं डॉक्टर?" मी म्हटलं, "लोक आजारीच पडू नयेत, याचं." ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग फी कोण देणार? जो आजारी पडलाच नाही, तो पैसे कशाला देईल?"

आज मी एका वैद्यकीय महाविद्यालयात या विषयाची विभागप्रमुख आहे. खालाच्या त्या प्रश्नाइतका नेमका प्रश्न मला पुढे कुठल्याही परीक्षेत कुणी विचारला नाही. जो आजार झालाच नाही त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही, त्याचं बिल निघत नाही, त्याचा फोटो छापून येत नाही. म्हणून हा विषय शिकवणं अवघड आहे. आज मी त्या शिकवण्याबद्दल बोलणार आहे. त्यात माझी एक चूकही आहे, तीही सांगणार आहे.

आधी विषय काय ते सांगते. पूर्वी त्याला 'प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन' म्हणत, म्हणून पीएसएम. आता 'कम्युनिटी मेडिसिन' म्हणतात. स्वातंत्र्याच्या आधी, १९४३ साली सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. १९४६ साली तिचा अहवाल आला. प्रत्येक डॉक्टरला समाजाचं आरोग्य शिकवलं पाहिजे, आपल्याला 'सामाजिक डॉक्टर' घडवायचे आहेत, हा विचार त्या अहवालात आहे. कल्पना उत्तम होती. पण प्रत्यक्षात पिढ्यान् पिढ्या काय झालं? दुपारी दोनचं लेक्चर, पोटात जेवण, वर पंखा, समोर 'पार्क' नावाचं जाडजूड पुस्तक आणि निम्मा वर्ग झोपलेला. मीही त्या झोपलेल्यांत होते.

अलीकडे चित्र बदलतंय. २०१९ पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमताधारित झाला. म्हणजे विद्यार्थ्याला काय पाठ आहे यापेक्षा काय करता येतं, हे बघायचं. २०२२ पासून कुटुंब दत्तक कार्यक्रम आला. पहिल्या वर्षाला आलेल्या मुलाला गावातली काही कुटुंबं दिली जातात आणि पुढची वर्षं त्यानं त्या घरांशी संबंध ठेवायचा असतो. इंटर्नशिपच्या वर्षातही बारा आठवडे आमच्याकडे असतात. कागदावर हे सगळं छान दिसतं. विभागप्रमुख म्हणून माझा निम्मा दिवस मात्र बस मिळेल का, डिझेलचं बिल कोण मंजूर करणार, सरपंचांशी कोण बोलणार आणि चाळीस मुलांना गावात पाणी कुठं प्यायला मिळेल, यातच जातो. हे हसण्यावारी नेऊ नका. बस आली नाही तर सार्वजनिक आरोग्य पुन्हा फळ्यावर जातं आणि फळ्यावर कुणाला जुलाब होत नाहीत.

आपले सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे म्हणजे या विषयाची प्रयोगशाळाच आहेत. महाबळेश्वरला पाऊस थांबत नाही आणि त्याच जिल्ह्यात माण-खटावला टँकरची वाट बघतात. कोयनेच्या जलाशयाकाठी अशी गावं आहेत, जिथं आजारी माणसाला लाँचमधून आणावं लागतं. खाली जतला पाणी नाही आणि सांगलीत पाणी घरात शिरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूर ओसरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. विहिरीत टीसीएल किती टाकायची, क्लोरीन नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचलं का, हे ओटी टेस्ट करून बघायचं, चिखलात उतरणाऱ्यांना लेप्टोची गोळी द्यायची. वर्गात पिवळ्या रंगाकडे ढुंकूनही न बघणारी मुलं अशा वेळी परीक्षानळीत पिवळा रंग आला की आनंदानं ओरडतात.

याच मातीत शिकवण्यासारखी माणसंही आहेत. सावित्रीबाई फुले सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या. त्यांना आपण पहिल्या शिक्षिका म्हणून ओळखतो. मी वर्गात त्यांची दुसरी ओळख करून देते. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांचे चिरंजीव डॉक्टर यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर दवाखाना उघडला होता. सावित्रीबाई रुग्णांना तिथं आणत होत्या आणि त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्या साथीत आजाऱ्यापर्यंत पोचणारं ओळखीचं माणूस त्या होत्या. आणि साताऱ्याचे डॉक्टर नरेंद्र दाभोलकर. ते मिरजेच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाले, सुमारे बारा वर्षं दवाखाना चालवला आणि मग अंधश्रद्धेच्या विरोधात पूर्णवेळ उभे राहिले. काही आजारांचं औषध दवाखान्यात नसतं, हे त्यांच्या आयुष्यातून मुलांना समजावता येतं. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, हेही मी सांगते. लोकांच्या भल्याचं बोलणं नेहमी सुरक्षित असतं, असा मुलांचा गैरसमज होऊ नये म्हणून.

आता माझ्या चुकीकडे येते.

विभागप्रमुख झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. आमच्या मुलांची एक तुकडी तासगाव तालुक्यातल्या एका गावात सर्व्हेला गेली होती. विषय सोपा होता. गोवर-रुबेलाची लस दोनदा द्यायची असते, पहिली नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान. किती मुलांची दुसरी लस राहिली आणि का राहिली, एवढंच शोधायचं होतं. मुलांनी मेहनत घेतली. रंगीत तक्ते काढले. शेवटी एक चौकट होती, 'लसीकरण अपूर्ण राहण्याची कारणे'. त्यात लिहिलं होतं : एक, अज्ञान. दोन, मुस्लिम धर्म. तीन, वडिलांचे कमी शिक्षण.

मी तो अहवाल वाचला आणि सही केली.

दोन दिवसांनी एक विद्यार्थिनी माझ्या केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगी. हिजाब घालते, शेवटच्या बाकावर बसते. त्या तुकडीत ती नव्हती, पण तिनं नोटीस बोर्डावरचा तक्ता वाचला होता. म्हणाली, "मॅडम, एक विचारू? धर्म हा कारणांच्या रकान्यात येतो का?"

मला काहीतरी सावरून बोलता आलं असतं. सर्व्हेत जे दिसलं ते लिहिलं, असं म्हणता आलं असतं. पण ती माझ्याकडे बघत होती आणि माझी सही त्या कागदावर होती. मी स्वतः मुसलमान, साताऱ्याच्या मोहल्ल्यात वाढलेली, एसटी ड्रायव्हरची मुलगी. माझ्या अम्मीनं आम्हा चारही भावंडांची एकही लस चुकवली नव्हती. तरीही ते वाक्य माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला खटकलं नाही. 'मुस्लिम' आणि 'लस घेत नाहीत' हे दोन शब्द शेजारी वाचायची इतकी सवय माझ्याही डोळ्यांना झाली होती. मला लाज वाटली ती याची. तिला म्हटलं, "तुझा प्रश्न बरोबर आहे. उत्तर माझ्याकडे नाही. गावात जाऊन शोधू."

अहवाल परत घेतला. मुलं नाराज झाली. त्यांना वाटलं, मॅडमना आपल्या धर्माचं लागलं. हे मला कळत होतं, म्हणून मी त्यांना म्हटलं, "तुम्ही चूक आहात असं मी म्हणत नाही. एवढंच करा. त्याच घरांत पुन्हा जा. फक्त सकाळी अकराला जाऊ नका, संध्याकाळी सातला जा."

संध्याकाळी सातला जे दिसलं ते असं. त्या गल्लीतल्या बायका सकाळी आठला बेदाण्याच्या शेडवर जायच्या. तासगाव-सांगली भागात बेदाणा निवडायचं काम मोठं आहे आणि ते बहुतेक बायकाच करतात. दिवसभर बसून काडी वेगळी, दाणा वेगळा. लसीकरणाचं सत्र असायचं दहा ते दोन, ओढ्यापलीकडच्या अंगणवाडीत. लस द्यायला जायचं तर त्या दिवसाची हजेरी बुडणार. पहिल्या लसीच्या वेळी बाळ लहान, बाई अजून घरीच होती, त्यामुळे ती लस झाली. दुसऱ्या लसीपर्यंत ती कामावर परतलेली असायची. सकाळी अकराला मुलांना घरी कोण भेटलं होतं? आजी, नाहीतर मोठी बहीण. त्यांना लसीबद्दल काही सांगता आलं नाही आणि मुलांनी लिहिलं, 'अज्ञान'.

गावातली मुस्लिम घरं बहुतेक बिनजमिनीची, सगळी मजुरीवर. मग मुलांनी दुसऱ्या वस्तीतली, दुसऱ्या जातींची, पण शेडवर जाणारीच घरं पाहिली. तिथंही दुसरी लस राहिलेली होती. आणि ज्या थोड्या मुस्लिम घरांचं दुकान होतं, बाई घरी होती, त्या घरांतल्या मुलांचं कार्ड पूर्ण भरलेलं होतं. म्हणजे फरक धर्माचा नव्हता, हजेरीचा होता. आमच्या भाषेत याला 'कन्फाउंडिंग' म्हणतात. एका गोष्टीच्या आड दुसरीच गोष्ट लपलेली असते. मी तो शब्द दहा वर्षं फळ्यावर शिकवत होते. त्या गल्लीत तो मला पहिल्यांदा भेटला.

पूर्ण खरं सांगायचं तर दोन घरं अशीही निघाली, ज्यांनी लस चक्क नाकारली होती. दोघांनी मोबाईलवर आलेला एकच व्हिडिओ पाहिला होता, लसीनं मुलं होत नाहीत असं सांगणारा. त्यातलं एक घर मुस्लिम होतं, एक नव्हतं.

पुढचं काम जास्त अवघड होतं. आम्ही उपकेंद्राच्या सिस्टरांना म्हटलं, वेळ बदला. त्या म्हणाल्या, "मॅडम, बदलायला माझी ना नाही. पण मी एकटी. लस बर्फाच्या डब्यात आणायची, गोवराची बाटली एकदा कालवली की चार तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची आणि न उघडलेल्या बाटल्या त्याच दिवशी परत केंद्रात पोचवायच्या. रात्री आठला मला कोण पोचवणार?" त्यांचंही बरोबर होतं. आपण खालच्या माणसाला फार पटकन कामचुकार ठरवतो. शेवटी मुलं शेडच्या मालकाकडे गेली. एकदा नाही, तीनदा. तिसऱ्या वेळी त्यानं मान्य केलं : महिन्यातून एकदा, सत्राच्या दिवशी, लहान मूल असलेल्या बायकांना दोन तास सोडायचं, हजेरी न कापता. पुढच्या दोन महिन्यांत त्या गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या मुलांची दुसरी लस झाली. व्हिडिओवाल्या दोन घरांपैकी एक तयार झालं, एक झालं नाही. ते अजूनही तयार नाही. मुलं अजूनही जातात.

त्यानंतर आमच्या विभागात मी दोन नियम केले. पहिला, अहवालात 'अज्ञान' हा शब्द वापरायचा नाही. नेमकं काय माहीत नव्हतं आणि ते सांगायचं काम कुणाचं होतं, हे लिहायचं. दुसरा नियम धर्म आणि जातीबद्दल आहे. काहीजण मला म्हणाले, मग तो रकाना काढूनच टाकू. मी नाही म्हटलं. रकाना ठेवायचा, पण तो माहितीत ठेवायचा, कारणांत नाही. कारण तो काढून टाकला तर कुणापर्यंत सेवा पोचली नाही, हेही दिसेनासं होईल. न्यायमूर्ती सच्चर समितीनं २००६ साली तेच केलं होतं, आकडे वेगळे काढून दाखवले. त्यात काय निघालं? लसीकरणात मुस्लिम मुलं मागे, हे निघालं. पण मुस्लिम बालकांचा मृत्युदर देशाच्या सरासरीपेक्षा कमी, हेही निघालं. आणि २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या मुलींचं प्रमाण देशात दर हजार मुलांमागे ९२७ असताना मुस्लिमांमध्ये ९५० होतं. नीट मोजलं तर आकडे कुणाची स्तुतीही करत नाहीत आणि बदनामीही करत नाहीत. ते फक्त पुढचा प्रश्न विचारतात.

मुलींचं प्रमाण म्हटलं की आपल्या दोन जिल्ह्यांना मान खाली घालावी लागते. त्याच २००१ च्या जनगणनेत सांगलीत दर हजार मुलांमागे ८५१ मुली होत्या, साताऱ्यात ८७८. ऊस आहे, साखर कारखाने आहेत, शाळा-कॉलेजं आहेत, हातात पैसा आहे आणि मुली नाहीत. मार्च २०१७ मध्ये मिरज तालुक्यातल्या म्हैसाळ गावात जमिनीत पुरलेले १९ गर्भ पोलिसांना सापडले. प्रत्येक नव्या वर्गाला मी हे सांगते, कारण या गुन्ह्यात मशीन डॉक्टरच्या हातात असतं. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा १९९४ पासून आहे. 'पीसीपीएनडीटी'ची कलमं परीक्षेत सगळ्यांना येतात. पण उद्या तुमच्यासमोर कुणी पाकीट ठेवलं तर काय कराल, हे कलमात लिहिलेलं नसतं. त्यावर आम्ही वर्गात बोलतो. आणि इथंही कुणी 'हे त्या समाजातलं' असं म्हणालं तर मी थांबवते. जो न्याय मी माझ्या मोहल्ल्यासाठी मागते, तोच मला शेजारच्या वाड्यालाही द्यावा लागेल.

आता २०२० बद्दल. तुमच्यातले बरेच जण तेव्हा शाळेत असाल. मार्चच्या शेवटी सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरात सौदी अरेबियाहून परतलेल्या चौघांना कोरोना झाल्याचं कळलं आणि काही दिवसांत त्यांच्याच नातेसंबंधांतले मिळून आकडा पंचवीसच्या आसपास गेला. टीव्हीवर दिवसभर तेच. पण बघा, साथरोगशास्त्राच्या दृष्टीनं ही अगदी सरळ गोष्ट होती. एकत्र कुटुंब, एक स्वयंपाकघर, पाहुण्यांची ये-जा. कुठल्याही जातीधर्माच्या एकत्र कुटुंबात तेच झालं असतं. प्रशासनानं भाग बंद केला, घरोघर तपासणी केली, संपर्कातला प्रत्येक माणूस शोधला, रुग्णांवर मिरजेच्या शासकीय रुग्णालयात उपचार झाले. साखळी तुटली. बहुतेक सगळे बरे होऊन घरी आले. साथ कशी आवरावी याचा तो धडा होता.

पण त्याच दिवसांत दिल्लीच्या मरकजची बातमी आली आणि देशभर आजाराला धर्म चिकटवला गेला. भाजीवाल्यांना नाव विचारलं जाऊ लागलं. मलाही एका ठिकाणी नाव सांगितल्यावर समोरचा माणूस दोन पावलं मागे सरकला होता. मी मास्क घातला होता, त्यानं नव्हता. पुढे २१ ऑगस्ट २०२० ला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं तबलिगी कार्यक्रमाला आलेल्या परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं स्पष्ट म्हटलं. पण तोवर नुकसान झालं होतं आणि मला डॉक्टर म्हणून त्यातलं एक नुकसान फार जवळून दिसलं. लोक ताप लपवू लागले. ज्याला आजारी असल्याबद्दल शिक्षा होते तो आजार सांगत नाही आणि न सांगितलेला आजार पसरतो. कलंक हा रोगाचा वाहक असतो, डासासारखा. म्हणून तो आमच्या अभ्यासक्रमाचा विषय आहे, नुसता भाषणाचा नाही.

मात्र इथं थांबले तर मी तुमची फसवणूक केल्यासारखं होईल. बाहेरच्यांनी आपल्याशी कसं वागावं हे बोलून झालं. आता घरातलं बोलू.

आपल्या मोहल्ल्यातही अफवा फिरतात. लस टोचून घेण्यात धर्म आड येतो असं सांगणारा एखादा निघतोच. त्याला मुंबईच्या प्लेगची गोष्ट सांगा. डॉक्टर हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली. लोक घाबरत होते. तेव्हा खोजा समाजाचे तरुण इमाम, तिसरे आगाखान, वयाच्या विशीत, यांनी सगळ्यांसमोर ती लस घेतली आणि त्यांच्या अनुयायांची भीती मोडली. शंभर वर्षांनंतर पोलिओच्या वेळी उत्तर प्रदेशात तेच करावं लागलं. मोहल्ल्यातल्या बायका, इमाम, आलिगढ आणि जामियासारख्या विद्यापीठांतली माणसं घरोघर गेली, तेव्हा बंद दारं उघडली. १३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडलेला नाही. ते श्रेय त्या दारं उघडणाऱ्या आयांचंही आहे. आणि २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवर उसळला, तेव्हा कळलं की हे काम एकदा करून संपत नाही.

मिश्री बघा. सातारा-सांगलीकडच्या किती घरांत बायका सकाळी तव्यावर तंबाखू भाजून दाताला लावतात! हिंदू असोत, मुस्लिम असोत, मिश्रीला धर्म नाही. गर्भवतीही लावतात. आपण गुटख्यावर बोलतो, कारण तो पुरुष खातात आणि भिंती रंगवतात. मिश्री घरात राहते, म्हणून दिसत नाही. तसाच रक्तक्षय. घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं, एवढं तुम्ही आज रात्री बघा, मला वेगळं काही सांगावं लागणार नाही. लवकर लग्न, जवळच्या नात्यातली लग्नं आणि त्यातून येणारे रक्ताचे आनुवंशिक आजार, लग्नाआधी थॅलेसेमियाची साधी तपासणी, यावर आपल्याकडे कोण बोलतं? मिरजेच्या सतारी जगभर जातात. त्या करणाऱ्या कारागिरांच्या छातीत लाकडाची धूळ आणि पॉलिशचा वास किती जातो, हे आपण त्यांना कधी विचारलं का? आणि टीबी. मुलीला टीबी झाला की लग्न मोडेल म्हणून लपवतात. औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे, उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला पैसेही मिळतात. आधी पाचशे होते, नोव्हेंबर २०२४ पासून हजार रुपये झाले. पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं आणि नाव नोंदवायची भीती वाटते. ही भीती काढायला एमबीबीएस लागत नाही. शेजारीण लागते.

ज्यांना आपण 'समस्या' समजतो, त्यांच्याकडूनच शिकावं, हे मला सांगलीनंच शिकवलं. १९९२ साली तिथं 'संग्राम' संस्थेचं काम सुरू झालं. एचआयव्हीची साथ होती आणि सगळे वेश्यावस्तीकडे बोट दाखवत होते. या बायकांनीच एकमेकींना शिकवलं, निरोध वाटले, १९९६ पासून वेश्या अन्याय मुक्ती परिषद म्हणून संघटित झाल्या. जगभरातून अभ्यासक त्यांचं काम बघायला आले. मी माझ्या मुलांना सांगते, व्याख्यान द्यायला जाऊ नका. आधी ऐकायला जा.

आता तुम्ही काय करू शकता? तुमच्यातल्या काहींना डॉक्टर व्हायचं असेल. जरूर व्हा आणि पीएसएमच्या तासाला झोपू नका. पण नीटमध्ये गुण कमी पडले म्हणून आयुष्य संपलं, असं मानणाऱ्यांशी मला जास्त बोलायचं आहे. सार्वजनिक आरोग्यात पदव्युत्तर शिक्षण, एमपीएच, पुण्याच्या विद्यापीठात आहे, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत आहे. त्याला फक्त डॉक्टरच जातात असं नाही. संख्याशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, पोषण, या सगळ्या वाटा तिकडं जातात. आमच्या विभागात माझ्याइतकंच काम आमचे समाजसेवक आणि संख्याशास्त्रज्ञ करतात. गावाची आरोग्य, पोषण आणि स्वच्छता समिती असते. तिच्या बैठकीला कोण जातं ते विचारा. जात नसतील तर तुम्ही जा. तुमच्या गल्लीतल्या आशाताईंचं नाव तुम्हाला माहीत आहे का? नसेल तर आज घरी जाताना विचारा. मशिदीच्या लाउडस्पीकरवरून लसीकरणाची तारीख सांगता येते. अनेक ठिकाणी सांगतातही.

शेवटी त्या मुलीबद्दल. ती आता डॉक्टर झाली आहे. परवा फोन आला होता. मला वाटलं, स्त्रीरोग किंवा बालरोग घेणार असेल. म्हणाली, "मॅडम, कम्युनिटी मेडिसिन घेतेय. अब्बा नाराज आहेत. दवाखाना नसणार म्हणतात." मी म्हटलं, "माझ्या खालाला भेटायला घेऊन ये त्यांना."

खाला आता ऐंशीच्या पुढे आहे. मागच्या वर्षी तिच्या गल्लीत डेंग्यूचे रुग्ण निघाले. मी गेले तेव्हा ती काठी टेकत घरोघर जाऊन पाण्याची पिंपं रिकामी करायला लावत होती. मला बघून म्हणाली, "बघ, तुझं काम करतेय. फी काय देशील?"

मी अजून दिलेली नाही.